नळी निघण्याआधीची रात्र : व्हेंटिलेटरवरून रुग्ण उतरवतानाचे परिचारिकांचे अनुभव

तिसरी_पाळी (धागाकर्ती)

मी पुण्यातील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात १७ वर्षे परिचारिका आहे. यंदा नव्याने रुजू झालेल्या मुलींना शिकवताना असे लक्षात आले की, रुग्णाला व्हेंटिलेटरवरून उतरवण्याचे निकष त्यांना तोंडपाठ असतात. मात्र त्या निकषांच्या अलीकडचे आणि पलीकडचे जे काही आपण पलंगाशेजारी उभे राहून शिकलो, ते कोणीच कुठे लिहून ठेवलेले नसते. ते एका जागी यावे म्हणून हा धागा काढते आहे. परिचारिकांनी लिहावेच, पण डॉक्टर, नातेवाईक आणि स्वतः व्हेंटिलेटरवर राहून आलेले कोणी असतील तर त्यांनीही अवश्य लिहावे.

या क्षेत्राबाहेरील वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मूळ आजार आटोक्यात आला, रक्तदाब औषधांच्या मोठ्या मात्रेविना टिकू लागला आणि ऑक्सिजनची गरज चाळीस टक्क्यांच्या आसपास उतरली की, आपण रुग्णाची ‘ट्रायल’ घेतो. म्हणजे मशीनचा आधार अगदी नाममात्र ठेवून, किंवा श्वासनलिकेत घातलेल्या नळीला टी-पीस (मशीनऐवजी नुसता ऑक्सिजन देणारा ‘टी’ आकाराचा जोड) लावून, त्याला अर्धा तास ते दोन तास स्वतःच्या बळावर श्वास घेऊ देतो. श्वास मिनिटाला ३५ च्या वर गेले, नाडी १४० च्या पुढे गेली, रक्तातील ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली आला, घाम फुटला किंवा रुग्ण कासावीस झाला, तर ट्रायल थांबवून त्याला पुन्हा पूर्ण आधार देतो. श्वासांची संख्या आणि एका श्वासात येणारी हवा यांचा भागाकारही पाहिला जातो : मिनिटाला ३० श्वास आणि प्रत्येक श्वासात ३०० मिलिलिटर, म्हणजे ०.३ लिटर हवा, तर उत्तर १०० येते. १९९१ साली यांग आणि टोबिन यांनी १०५ ही सीमारेषा सांगितली (उत्तर त्याखाली हवे) आणि ती आजही वापरात आहे. या सगळ्याला आपण ‘वीनिंग’ म्हणतो. माझ्या पहिल्या इन्चार्ज सिस्टर त्याला ‘दूध तोडणे’ म्हणत, तेव्हा मला ती गंमत वाटत असे. इंग्रजीतही तान्ह्या बाळासाठी हाच शब्द आहे, हे मला फार उशिरा कळले.

आता जो अनुभव सांगण्यासाठी हे सगळे लिहायला घेतले तो सांगते. काही वर्षांपूर्वी साठीच्या एक आजी आमच्याकडे होत्या. जन्मभर चुलीपुढे बसल्याने फुप्फुसे आधीच थकलेली, त्यात न्यूमोनिया. सहाव्या दिवशी सगळे आकडे चांगले आले म्हणून ट्रायल लावली, ती १५ मिनिटांत थांबवावी लागली. सातव्या दिवशी तेच झाले आणि आठव्या दिवशीही तेच. गळ्याला छिद्र पाडण्याची, म्हणजे ट्रेकिऑस्टॉमीची, चर्चा सुरू झाली.

योगायोगाने त्या आठवड्यात माझी सलग रात्रपाळी होती. आजींच्या तक्त्यावर नुसत्या वेळा वाचत गेले आणि वाचता वाचता मलाच शरम वाटली. रात्री बाराला औषधे, दोनला कूस बदलणे आणि सक्शन (नळीतला कफ ओढून काढणे), चारला रक्ताचे नमुने, साडेचारला स्पंज आणि चादर, सहाला छातीचा एक्स-रे, साडेसातला पाळीबदल, आठला ट्रायल. शेजारच्या पलंगाच्या मॉनिटरचा अलार्म रात्रभर वाजत होता, तो वेगळाच. धडधाकट माणसालाही आपण अशा रात्रीनंतर जिना चढायला लावले नसते, आणि येथे आठ दिवस मशीनच्या आधारावर राहिलेल्या बाईला तिच्या आयुष्यातील सर्वांत मोठा चढ आम्ही सकाळी आठला चढायला सांगत होतो.

मी इन्चार्ज सिस्टरांशी आणि डॉक्टरांशी बोलले. त्या रात्री दहा ते पाच आजींचा दिवा बंद ठेवला, दोनच्या सुमाराची कामे एकत्र उरकली, स्पंज संध्याकाळीच करून घेतला आणि ट्रायल साडेदहाला ठेवली. त्याआधी आजींना पाय खाली सोडून पलंगाच्या कडेला बसवले आणि दोन्ही हातांखाली उशा दिल्या. त्या दिवशी त्या दोन तास टिकल्या आणि दुपारी एकच्या सुमारास नळी निघाली.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवते. आदल्या दिवशी डॉक्टरांनी त्यांचे लघवीचे औषध वाढवले होते आणि अंगात साठलेले जादा पाणी बऱ्यापैकी उतरले होते. मशीनचा आधार काढताच छातीकडे परतणारे रक्त वाढते आणि हृदयावर ताण येतो, त्यामुळे साठलेले पाणी हे ट्रायल फसण्याचे नेहमीचे कारण असते. तेव्हा आजी झोपेमुळे सुटल्या की औषधामुळे, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तरीही तेव्हापासून मी ट्रायलची तयारी सकाळी नव्हे, आदल्या संध्याकाळी सुरू करते.

तुमचे अनुभव काय आहेत?

वाशिष्ठी

तिसरी_पाळी ताई, धागा अगदी योग्य विषयावर काढलात. मी आता निवृत्त आहे. माझी बहुतेक नोकरी कोकणातील सरकारी रुग्णालयांत झाली, आणि त्यातील पहिली काही वर्षे आमच्याकडे व्हेंटिलेटरच नव्हता. तरीही रुग्ण ‘उतरवण्याचे’ काम आम्ही केले आहे.

पावसाळ्यात मण्यार चावलेले रुग्ण येत. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते, फारसे दुखत नाही, खूणही दिसेनाशी होते. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात आणि उजाडेपर्यंत श्वास मंदावतो. प्रतिसर्पविष दिले तरी या विषाने मज्जातंतूंच्या टोकांचे केलेले नुकसान भरून यायला काही दिवस लागतात आणि तेवढे दिवस कोणीतरी रुग्णाचा श्वास चालवावा लागतो. आमच्याकडे ते काम अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याची रबरी पिशवी, करी, आणि ती दाबायला आम्ही, वॉर्डातले मामा आणि नातेवाईक पाळीपाळीने बसत असू.

१९८९ च्या जुलैमधील एक मुलगा मला आठवतो. वय बाराच्या आसपास. डोळे मिटलेले, हातपाय लुळे, चिमटा घेतला तरी हालचाल नाही. त्याच्या काकांनी मला विचारले, “बाई, यात काय उरलंय?” मुलगा आत पूर्ण जागा असू शकतो, हे आमच्या डॉक्टरांनी आम्हाला बजावून ठेवले होते. म्हणून बॅग दाबणाऱ्या प्रत्येकाला मी त्याच्याशी बोलत राहायला सांगत असे. तिसऱ्या रात्री बॅग माझ्या हातात असताना मला ती किंचित ओढली गेल्यासारखी वाटली. मशीनवर काम करणाऱ्या मुलींना हे कदाचित पटणार नाही, पण रुग्णाने स्वतःचा श्वास घ्यायला सुरुवात केली की रबराची बॅग हाताला सांगते. मी दाबणे एका श्वासापुरते लांबवले, वाट पाहिली, पुन्हा ओढ आली. मग दर चार श्वासांतला एक त्याचा, नंतर दोनांतला एक त्याचा, असे करत पहाटेपर्यंत मी त्याच्या ओढीला नुसती साथ देऊ लागले. चौथ्या दिवशी दुपारी नळी काढली. पापण्या मात्र पुढे आणखी दोन दिवस जडच होत्या.

पुढे एका प्रशिक्षणात कळले की, १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या सांगण्यावरून सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून असेच हाताने श्वास चालवले होते आणि आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात तेथून झाली. मला त्या वर्गात एकदम काकांचा चेहरा आठवला.

ठोका_आणि_श्वास

मी अतिदक्षता विभागात डॉक्टर आहे. दोन्ही अनुभव मोलाचे आहेत. तरीही धागाकर्त्या ताईंच्या लेखनातून चुकीचा अर्थ निघू नये म्हणून थोडा विरोधी सूर लावतो.

रुग्ण थकलेला दिसतो, रात्री झोपला नाही, आज राहू द्या, असे म्हणून ट्रायल पुढे ढकलण्याचा मोह परिचारिकांना होतो आणि आम्हा डॉक्टरांना तर त्याहून अधिक होतो. मात्र मशीनवरचा प्रत्येक जादा दिवस रुग्णाकडून वसूल होतो. २००८ साली लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी मेंदूमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या श्वासाच्या मुख्य स्नायूचे, नमुने तपासले. केवळ १८ ते ६९ तास पूर्णपणे मशीनवर राहिल्याने त्या स्नायूच्या तंतूंच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ निम्म्याहून कमी झालेले आढळले. म्हणजे आपण रुग्णाला विश्रांती देतो आहोत असे वाटते, तेव्हा त्याचा श्वासाचा स्नायू झिजत असतो.

त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये गिरार्ड आणि सहकाऱ्यांचा ३३६ रुग्णांवरील अभ्यास आला. ज्या गटात रोज सकाळी गुंगीचे औषध बंद करून रुग्णाला जागे केले आणि लगेच ट्रायल घेतली, तो गट मशीनवाचून अधिक दिवस राहिला आणि वर्षभरानंतर त्या गटातील मृत्यूही कमी होते. त्या गटात स्वतःच्या हाताने नळी उपसणारे रुग्ण अधिक निघाले, ही गोष्ट मात्र परिचारिकांच्या कामाशी थेट निगडित आहे आणि ती लपवू नये. जागा केलेला रुग्ण सांभाळायला माणूस लागतो.

दुसरी बाजूही सांगतो. १९९७ साली अमेरिकेत कोलेफ आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, ठरवून दिलेल्या पद्धतीनुसार परिचारिका आणि श्वसनतंत्रज्ञ यांनी वीनिंग चालवले, तर डॉक्टरांच्या मर्जीवर सोडण्यापेक्षा रुग्ण लवकर उतरतात. कारण उघड आहे : आम्ही दिवसातून दोनदा राउंडला येतो, तुम्ही तेथेच असता.

तिसरी_पाळी

डॉक्टर, ट्रायल पुढे ढकलावी असे माझे म्हणणे नाही. ती रोज व्हावी, पण आदल्या रात्रीची आखणी त्या ट्रायलसाठी व्हावी, एवढेच म्हणते आहे. गुंगी कमी केल्यावर रुग्णाला माणूस लागतो, हे तुम्ही लिहिलेत त्याबद्दल आभार. हे वाक्य आमच्या ड्युटी लावणाऱ्यांना दाखवणार आहे.

टेम्सकाठची

मी नाशिकमध्ये सहा वर्षे काम करून नंतर इंग्लंडमध्ये आले. येथे व्हेंटिलेटरवरील एका रुग्णामागे एक परिचारिका असते आणि बहुतेक विभागांत वेगळा श्वसनतंत्रज्ञ नसतो. त्यामुळे डॉक्टरांनी सकाळी दिशा ठरवून दिली की दिवसभर आधार किती कमी करायचा, कधी थांबायचे आणि कधी पुन्हा वाढवायचा, हे बऱ्याच अंशी परिचारिकाच पाहते. भारतात असताना माझ्याकडे दोन, कधी तीन रुग्ण असत. तेव्हा पाच नंबरच्या पलंगाची ट्रायल यशस्वी होणार की नाही, हे सहा नंबरचा पलंग शांत आहे की नाही यावर ठरत असे, हे मला येथे आल्यावर उमगले. ट्रायलची पहिली दहा मिनिटे मॉनिटरकडे पाठ करून केवळ चेहऱ्याकडे पाहायची चैन मला येथे मिळते. नाकपुड्या फुलणे, मानेचे स्नायू ताठ होणे आणि श्वास घेताना पोट बाहेर येण्याऐवजी आत ओढले जाणे, हे सगळे आकडे बिघडण्याच्या बरेच आधी दिसते.

आणखी एक पद्धत मला येथे आवडली. रुग्ण गुंगीत असताना परिचारिका त्याच्यासाठी रोजनिशी लिहितात : आज तुमची मुलगी आली होती, आज तुम्ही डोळे उघडले, आज बाहेर बर्फ पडला. बरे झाल्यावर ती त्याला देतात. हरवलेल्या दिवसांच्या जागी भ्रमातली भयानक चित्रेच उरलेली असतात, तेथे त्या नोंदी उपयोगी पडतात.

वऱ्हाडी_ब्रदर

येथे एका ब्रदरचाही प्रतिसाद असावा. मी विदर्भातील एका शासकीय रुग्णालयात आहे. आमच्याकडे फवारणीच्या हंगामात आणि एरवीही कीटकनाशकाच्या विषबाधेचे रुग्ण मोठ्या संख्येने येतात. रात्रपाळीला व्हेंटिलेटरवरचे चार रुग्ण मी एकट्याने पाहिले आहेत, त्यामुळे टेम्सकाठच्या ताईंचा प्रतिसाद वाचताना थोडा हेवा वाटला, तो मान्य करतो.

या रुग्णांचे वीनिंग फसवे असते. ॲट्रोपिन या उताऱ्याच्या औषधाने लाळ आटते, बाहुल्या मोठ्या होतात, छाती मोकळी होते, रुग्ण डोळे उघडून बोललेले ऐकतो आणि सगळ्यांना वाटते की आता सुटला. परंतु सेंद्रिय फॉस्फरसवर्गीय विषात साधारणतः पहिल्या ते चौथ्या दिवसादरम्यान स्नायूंचा दुसराच अशक्तपणा सुरू होऊ शकतो. तो मानेपासून सुरू होतो आणि श्वासापर्यंत पोहोचतो. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी आम्ही एका २४ वर्षांच्या मुलाची नळी दुसऱ्या दिवशी दुपारी काढली. रक्तातील वायूंचा अहवाल उत्तम होता. संध्याकाळी त्याच्या आईने मला सांगितले की, पोरगा पाणी मागतो पण मान उचलत नाही. थकला असेल, असे म्हणून मी पुढच्या पलंगाकडे गेलो. रात्री अकराला त्याला घाईघाईने पुन्हा नळी घालावी लागली. तो वाचला, पण ते लक्षण त्याच्या आईला दिसले होते आणि मला दिसले नव्हते, हे मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून अशा प्रत्येक रुग्णाला मी दर पाळीला उशीवरून डोके उचलायला लावतो आणि मनात पाचपर्यंत मोजतो. पाच मोजेपर्यंत डोके टिकले नाही तर राउंडला स्पष्ट सांगतो, मग अहवाल काहीही म्हणो. ना यंत्र लागते, ना पैसा. तसेच नळीच्या तोंडापासून दोन बोटांवर पांढऱ्या कागदाचा तुकडा धरून खोकायला सांगतो. कागद ओला झाला तर खोकल्यात जोर आहे असे समजायचे. सक्शन दोन तासांतून एकापेक्षा अधिक वेळा लागत असेल, तर मात्र कागद धरून पाहायचीही गरज नाही. त्या रुग्णाला नळी काढल्यावर कफ झेपणार नाही.

या रुग्णांबाबत एक शेवटचे. शुद्धीवर आलेल्या अनेकांना जगायचे नव्हते म्हणूनच ते येथे आलेले असतात. ट्रायलच्या वेळी जोर लावा, प्रयत्न करा, असे त्यांना ओरडून सांगणारे आपले सहकारी मी पाहिले आहेत. मी तसे सांगत नाही आणि असे का केलेस हेही त्या दिवशी विचारत नाही. शेजारी बसतो आणि पुढचा श्वास घे, एवढेच म्हणतो.

एकोणतिसाचा_पाढा

मी परिचारिका नाही. गणिताचा शिक्षक आहे आणि २०१६ साली गिलन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंवर हल्ला करून अंग लुळे पाडणाऱ्या आजारात ३१ दिवस व्हेंटिलेटरवर होतो. पायांतून मुंग्या चढत वर आल्या आणि पाचव्या दिवशी श्वास थांबू लागला. धागाकर्त्या ताईंनी रुग्णांनाही लिहायला सांगितले आहे म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट : मला सगळे ऐकू येत असे. पापण्या उघडता येत नव्हत्या एवढेच. माझ्या पलंगावरून दोन जण दिवाळीच्या बोनसबद्दल बोलत, त्यातला एकजण एकदा म्हणाला की हा काही लवकर सुटत नाही. त्याचा राग आजही गेलेला नाही. वाशिष्ठी ताईंनी त्या मुलाशी बोलत राहायला सांगितले, हे वाचून मी बराच वेळ पुढचे वाचू शकलो नाही.

दुसरी गोष्ट ट्रायलची. डॉक्टर आनंदाने म्हणाले, “आज मशीन काढून बघू.” त्यांच्या दृष्टीने ती प्रगती होती. मला मात्र विहिरीत पोहायला शिकवताना कमरेचा भोपळा कोणीतरी न सांगता सोडून घेतला तसे वाटले. श्वास कमी पडत होता असेही नाही. तो कमी पडेल या भीतीनेच तो जोरजोरात होऊ लागला आणि ट्रायल सहा मिनिटांत थांबली. दुसऱ्या दिवशी एक सिस्टर आल्या, त्यांनी भिंतीवरचे घड्याळ काढून माझ्या पायाशी, मला दिसेल असे, टेकवून ठेवले आणि म्हणाल्या, “सर, मी अर्धा तास या स्टुलावरून उठणार नाही. काटा सहावर आला की तुम्ही नको म्हणालात तरी मी मशीन परत लावणार.” हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे होते. परत लावणार म्हटल्यावर जाण्याची भीती गेली. मी एका श्वासाला एक याप्रमाणे एकोणतिसाचा पाढा म्हणू लागलो : एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी. दहापर्यंत गेलो की पुन्हा सुरुवात. पुढील दोन आठवडे रोज हाच पाढा चालू होता. म्हणून येथे हे नाव घेतले आहे.

तोवर गळ्याला छिद्र पडलेले होते. एके दिवशी नळीच्या भोवतीचा फुगा सोडून तिच्या तोंडावर एक छोटी झडप बसवली गेली. श्वास आत नळीतून जातो, बाहेर मात्र स्वरयंत्रातून येतो, त्यामुळे बोलता येते. ही झडप डेव्हिड मुइर या स्वतः व्हेंटिलेटरवर असलेल्या अमेरिकन तरुणाने शोधली, हे नंतर वाचले आणि मुळीच आश्चर्य वाटले नाही. ती गरज बाहेरून कळण्यासारखी नाही.

लेक_साताऱ्याची

नातेवाईक म्हणून एक प्रसंग सांगते, कारण तो कोणाच्या दुष्टपणामुळे नव्हे, एका शब्दामुळे घडला. माझे वडील नऊ दिवस व्हेंटिलेटरवर होते. संध्याकाळी भेटीच्या वेळी माझ्या भावाला सांगण्यात आले की, “उद्या सकाळी व्हेंटिलेटर काढतोय.” आमच्या गावात व्हेंटिलेटर काढणे याचा अर्थ एकच होतो. भावाने कोणालाही उलट प्रश्न न विचारता रात्रीच गावी फोन केले. सकाळी नऊला दोन जीपगाड्या रुग्णालयाच्या दारात उभ्या होत्या, आत्या गंगाजलाची तांब्याची गडू घेऊन आल्या होत्या आणि वर दुसऱ्या मजल्यावर वडील उशीला टेकून बसले होते.

सगळे हसले आणि रडले, पण गोष्ट तेथे संपली नाही. गर्दीत आत्या आत गेल्या आणि आणलेले गंगाजल वाया कशाला घालवायचे म्हणून त्यांनी वडिलांच्या तोंडात दोन चमचे घातले. नळी निघून तासही झाला नव्हता. ते श्वासनलिकेत गेले. पुढचे दोन दिवस वडील मुखवट्याच्या मशीनवर होते. नळी काढल्यावर लगेच पाणी द्यायचे नसते, हे आम्हाला कोणीच सांगितले नव्हते.

तिसरी_पाळी

ताई, हे वाचून मी आज पाळी सुरू होताच दोन गोष्टी केल्या. नळी बरेच दिवस घशात राहिली की गिळण्याची क्रिया मंदावते आणि घसा बधिर राहतो, म्हणून आम्ही काही तास तोंडाने काहीच देत नाही आणि नंतरही आधी चमचाभर पाणी देऊन खोकला येतो का, आवाज ओला होतो का, ते पाहतो. हे आम्हाला माहीत असते; पण पलंगावर तसे लिहिलेले नव्हते. आज मराठीत मोठ्या अक्षरांत पाटी लावली. दुसरे म्हणजे, नातेवाइकांशी बोलताना ‘व्हेंटिलेटर काढतो आहोत’ हे शब्द वापरू नयेत असे सगळ्यांना सांगितले. “त्यांना आता मशीनची गरज उरली नाही, म्हणून नळी काढणार आहोत,” असे म्हणायचे. वाक्य लांब आहे, पण त्यात जीपगाड्या येत नाहीत.

नवी_सिस्टर_२४

मी याच क्षेत्रात नवीन आहे. एकोणतिसाचा_पाढा सर, डोळे उघडता येऊ लागल्यावर तुम्ही संवाद कसा साधत होता? आमच्याकडे इंग्रजी अक्षरांचा तक्ता आहे आणि तो बहुतेक रुग्णांना निरुपयोगी आहे.

एकोणतिसाचा_पाढा

माझ्या पत्नीने वहीच्या पुठ्ठ्यावर मुळाक्षरे लिहिली होती. आपली वर्णमाला या कामासाठीच केल्यासारखी आहे : क, च, ट, त, प अशा ओळी आधीच पाडलेल्या. ती एकेका ओळीवर बोट ठेवी, हवी ती ओळ आली की मी पापणी मिटे, मग त्या ओळीतील अक्षर. काना-मात्रा गाळायच्या असे ठरले होते. ‘प ण’ म्हणजे पाणी, ‘क स’ म्हणजे कूस.

यात घोटाळेही होत. एकदा मी ‘म ल’ सांगितले आणि सिस्टर ‘मला’ समजून पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिल्या. त्या मला काय हवे ते विचारत होत्या : पाणी, सक्शन, पाठ? मी प्रत्येकाला नाही म्हणत होतो आणि पुन्हा ‘म ल’ सांगत होतो. पाच-सात मिनिटांनी त्यांनी एकदम विचारले, “मुलं?” मुले शाळेतून घरी आली का, एवढेच मला विचारायचे होते.

तिसरी_पाळी

हा तक्ता आम्ही आज तयार केला, फोटो सोबत जोडते आहे. पहिल्या ओळीत होय, नाही, दुखते, श्वास कमी पडतो, सक्शन, कूस बदला, हे शब्द चित्रांसह घातले, कारण वाचता न येणारे रुग्णही असतात. त्याखाली स्वर एकाच चौकोनात आणि मग वर्गांच्या ओळी. सर, सुचवण्यासारखे काही असेल तर अवश्य सांगा, छपाईला उद्या देणार आहे.

वऱ्हाडी_ब्रदर

फोटो पाहिला, ताई. उत्तम आहे. फक्त त्यात ळ राहिला आहे. आमच्याकडे एक रुग्ण अर्धा तास ‘ग ल’, ‘ग ल’ करत होता आणि आम्ही त्याचा गाल तपासत बसलो होतो. त्याला गोळी हवी होती.